भिंतीकडे तोंड करून

दार नीट लाव, कोडी. कडी घाल. वारा सुटलाय म्हणून म्हणतोय, दुसरं काही नाही.

उद्या उजाडायच्या आत हरणांमागे निघायचंय. झोपा म्हटलं तर तुम्हाला गोष्ट हवी. बरं. मघाशी ट्रॅव्हिसनं विचारलं ना, "मर्लकाका, तुमच्या ओळखीत कुणाकडे लढाईतलं जर्मन पिस्तूल मिळेल का, गोष्टीसकट?" गोष्टीसकट म्हणालास तू. म्हणून हीच सांगतो. ऐकून घे, आणि मग पुन्हा विचार.

लॉईड केसलर विम्याचा एजंट होता. जिभेवर साखर. निवृत्त झाल्यावर त्याला पिस्तुलांचा नाद लागला. दुसऱ्या महायुद्धातली, आपल्या पोरांनी तिकडून खिशात घालून आणलेली. तसा नाद इथे पुष्कळांना आहे, त्यात वाईट काही नाही. पण लॉईडला नुसतं पिस्तूल नको असायचं. त्याला ते कुणाच्या कमरेला होतं, कुणी काढून घेतलं, तेव्हा तो माणूस जिवंत होता की मेलेला, हे सगळं हवं असायचं. म्हातारा सैनिक अंथरुणाला खिळला की हा फुलं घेऊन हजर. गिधाडसुद्धा जीव जायची वाट बघतं, ह्याला तेवढाही धीर नव्हता. पेपरात जाहिरात द्यायचा: "तुमच्या वीराची आठवण आम्ही जपू." घरी जेवणाच्या खोलीत काचेची कपाटं. त्यात हिरवी मखमल, मखमलीवर पिस्तुलं, आणि प्रत्येकाशेजारी मेलेल्या माणसाचा फोटो. त्याच खोलीत तो जेवायचा.

तीन वर्षांमागचा ऑक्टोबर. बंद कोळसा खाणीच्या वर टेकडीवर डोलोरेस हुडाक राहते, तिचा फोन आला. बाप वारलाय, एक पिस्तूल आहे, घेऊन जा. लॉईड गाडी काढून निघाला. छान दुपार होती म्हणे, मेपलची पानं लाल झालेली.

डोलोरेस अंगणातच भेटली. हाताला कोबीचा वास, आत चुलीवर हलुपकी, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, शिजत होती. तिनं त्याला आत घेतलं नाही. पिस्तूल व्हरांड्यात होतं, कॉफीच्या रिकाम्या डब्यात, टॉवेलात गुंडाळलेलं.

"इथेच बघा," ती म्हणाली. "घरात आणू नका."

लॉईडनं टॉवेल उलगडला. लहानसं वॉल्थर. तेलपाणी कधी केलेलं नाही, पण गंज म्हणून नाही. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"काय सुंदर! आणि मॅडम, ह्याची गोष्ट काय?"

"गोष्ट नाही. ते तोडायचंय. तुम्हाला कुणीतरी वेल्डर माहीत असेल. दोन तुकडे करा आणि नदीत टाका. मला पैसे नकोत."

"करतो की. पण मनावर ओझं असलं ना, की बोलून टाकावं. मी चाळीस वर्षं लोकांच्या घरी बसून ऐकलंय. माझ्याजवळ सांगितलेलं बाहेर जात नाही."

हा त्याचा विम्याचा आवाज. ह्या आवाजानं त्यानं विधवांना रडवलंय आणि रडताना त्यांच्या सह्या घेतल्यात. डोलोरेस पायरीवर बसली. तिच्या अंगात त्राण नव्हतं, नुकताच बाप पुरला होता. सांगितलं तिनं.

"आम्ही चौघं भावंडं. जेवताना आमच्या खुर्च्या भिंतीकडे असायच्या. बाबा टेबलाशी, आणि आम्ही त्यांच्याकडे पाठ करून, ताटं मांडीवर. मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. पहिल्यांदा मैत्रिणीकडे जेवायला गेले, तर मी आपली खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिची आई हसली. मग हसायची थांबली."

"का बरं असं?" लॉईडनं हळूच विचारलं.

"त्यांना लहान मूल समोर बसून बघत असलं की घास उतरायचा नाही. एवढंच माहीत होतं. मग परवा, शेवटच्या दिवसांत, नर्स पाणी पाजायला आली की ते तोंड फिरवायचे. म्हणायचे, आधी तिला दे. कुणाला, बाबा? तिथे कुणी नसायचं. मग एका दुपारी बोलले."

सांगायची गोष्ट अशी. एमिल हुडाक, म्हणजे डोलोरेसचा बाप, तेव्हा विशीचा, आपल्या फौजेत. पंचेचाळीस सालचा एप्रिल, जर्मनीतलं एक लहान गाव, खिडक्याखिडक्यांतून शरणागतीच्या पांढऱ्या चादरी लोंबताहेत. ह्या पोराच्या पोटात दोन दिवस अन्न नाही. एक चांगलं घर दिसलं, दार उघडं. आत जेवणाचं टेबल मांडलेलं. टेबलाभोवती घरची माणसं. नवरा, बायको, दोन मुली. नवरा गुरांचा डॉक्टर होता. अमेरिकन आले, आता काय होईल, ह्या भीतीनं त्यानं आधी त्यांना आणि मग स्वतःला... ह्याच पिस्तुलानं.

"सूपमधून वाफ येत होती अजून," डोलोरेस म्हणाली. "एक खुर्ची रिकामी होती. बाबा बसले. त्या माणसाची थाळी पुढे ओढली आणि जेवले."

लॉईड आणखी जवळ सरकला.

"धाकटी समोर होती. डोळे उघडे. त्यात काही नाही, मेलेल्यांचे डोळे उघडेच असतात, बाबांनी तोवर खूप पाहिले होते. ते जेवत राहिले. मग आवाज आला. कोरडी जीभ टाळूला चिकटते आणि सुटते ना, तसा. आणि मग ती बोलली. त्यांच्या भाषेत पाण्याला आपल्या 'वॉटर'सारखाच शब्द आहे. तो कळायला जर्मन यावं लागत नाही."

"मग?"

तेव्हा डोलोरेसनं वर बघितलं. नंतर तिनंच मला सांगितलं, लॉईडचे डोळे चमकत होते म्हणाली. दिवाळखोर दुकानात स्वस्तात माल दिसावा तसे.

"मग काय. तोंडात घास होता, तो त्यांनी गिळला. आणि तिला मेलेलंच धरलं. ती जिवंत आहे म्हटलं तर आपण कोण ठरतो, म्हणून. उठले. उरलेला काळा पाव खिशात कोंबला. जाताना बापाच्या हातातलं हे काढून घेतलं. परत वळून बघितलं नाही." ती उठली. "आता कळलं का तोडायचंय ते? आणि हे कुणाला सांगायचं नाही. कुणालाच नाही."

"शपथ," लॉईड म्हणाला. छातीवर हात ठेवून.

उतारावर गाडी लागली तसा तो शीळ घालायला लागला. जन्मात अशी गोष्ट हाती लागली नव्हती.

हसू नकोस, ट्रॅव्हिस. तूच मागितलीस.

वेल्डर म्हणजे मीच. माझ्याकडे काही तो आला नाही. त्यानं काय केलं, हुडाक कुठल्या पलटणीत होता ते काढलं, पलटण कुठल्या गावातून गेली ते काढलं, त्या गावच्या संकेतस्थळावर जुने फोटो होते, त्यात गुरांचा डॉक्टर आणि त्याचं कुटुंब सापडलं. सगळे एका बाकावर, उन्हात डोळे बारीक केलेले. धाकटीचे पुढचे दात पडलेले, तरी हसतेय. लॉईडनं तो फोटो मोठा करून सोनेरी चौकटीत घातला. त्यासाठी नवं कपाट केलं. एकट्या त्या पिस्तुलासाठी.

आणि एका शुक्रवारी बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये, जिथे आपण सगळे तळलेले मासे खायला जमतो, तिथे त्यानं ती गोष्ट सांगितली. मी समोर बसलो होतो. हनुवटीला पांढरा सॉस लागलेला, एका हातात माशाचा तुकडा, आणि हा सांगतोय. अगदी रंगवून. थाळी पुढे कशी ओढली ते स्वतःची थाळी ओढून दाखवलं. आणि मग, देवा, त्या पोरीच्या जिभेचा आवाज काढून दाखवला. टक्. तोंड उघडून, आतला अर्धा चावलेला मासा दिसत होता. पुन्हा, कुणाला ऐकू गेलं नसेल तर म्हणून. टक्.

माझ्या शेजारी सँडी बसली होती, तिनं ताट सरकवलं आणि बाहेर गेली. गाडीमागे तिला ओकताना मी ऐकलं.

"लॉईड," मी म्हटलं, "त्या बाईनं हे सांगायला परवानगी दिली?"

"छे! तिला म्हटलं तोडतो म्हणून. अरे मर्ल, असला ऐवज कुणी तोडतं का?" आणि हसला. "हिला अजून दोन गिऱ्हाइकं ऐकायला येणार आहेत पिट्सबर्गहून. रडतील बघ."

हिला म्हणाला तो. गोष्टीला म्हणाला, की पोरीला, कोण जाणे. मला त्याच्या बोटांवरचं तेल बघवेना. मी उठलो. जाताना एवढं पाहिलं की तो पाणी पितोय. पेल्यामागून पेला. "घसा का सुकतोय रे एवढा आज," म्हणत होता.

आता ती रात्र. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. संध्याकाळपासून पाऊस होता, काळोख पडल्यावर त्याच्या गारा झाल्या. खिडक्यांवर कुणी मूठमूठ तांदूळ फेकावे तसा आवाज. घरी लॉईड एकटा. नोरीन, त्याची बायको, सकाळीच बहिणीकडे निघून गेली होती. तिनं टर्की भाजून ठेवली, कोट चढवला आणि दारातून म्हणाली,

"त्या फोटोसमोर मी जेवणार नाही. वर्षाचा सण आहे, लॉईड. ते पोर बघतंय माझ्याकडे."

"फोटो आहे गं. कागद."

"मग बस तू तुझ्या कागदाबरोबर. मला वाटलं होतं मी एका माणसाशी लग्न केलं. तू तर मढ्यांच्या ताटातलं खातोस." आणि दार आपटलं.

लॉईडला फार वाईट वाटलं असं नाही. पिट्सबर्गची मंडळी शनिवारी यायची होती. त्यानं ताट वाढून घेतलं. टर्की, ग्रेव्ही, कुटलेले बटाटे. कपाट उघडून पिस्तूल काढलं, टेबलावर मांडलं, फोटो समोर उभा केला. गोष्ट नीट बसवायची होती, म्हणून फोनवर आवाज भरायला लावला आणि जेवता जेवता सांगायला लागला. जेवतानाच. त्यानं म्हणे परिणाम जास्त होतो.

सगळी सांगितली. शेवटी ती जीभ केली. टक्. मग फोन बंद करून ऐकायला बसला.

स्वतःचा आवाज त्याला आवडायचा. सूपची वाफ आली, थाळी ओढली. छान. मग जिथे तो थांबला होता, श्वास घ्यायला, तिथे...

टक्.

त्याला वाटलं, आपणच केला असेल. पण तो आवाज तर शेवटी केला होता. हे मधे होतं. पुढच्या थांब्यालाही होतं. तो वाक्य संपवायचा, आणि...

टक्.

दर वेळी थोडं जवळ.

त्यानं फोन पालथा घातला. मोठा घास घेतला, धीर यावा म्हणून. चावला. चावत राहिला. घास लहान होईना. तोंडात फुगत चालला. मऊ, कोमट, कुणीतरी आधीच चावून ठेवल्यासारखा. त्याला बंदुकीच्या तेलाची चव होती आणि त्याखाली आणखी एक, गोडसर, शिळी. तो धावत मोरीशी गेला आणि थुंकला. पाण्यानं चूळ भरली. तोंड कोरडंच. पुन्हा भरली. पाणी तोंडात होतं आणि तोंड कोरडं होतं.

परत आला. दिवे चालू. गारा थांबलेल्या.

समोरची खुर्ची टेबलाला लावलेली होती. आता ती थोडी मागे होती. लहान पोराला चढून बसायला लागते तेवढी.

"नोरीन?"

...

"नोरीन, तू आलीस का?"

टक्.

फोनमधून नाही. टेबलापलीकडून.

खुर्चीवर काही नव्हतं. तो मला शपथेवर म्हणाला, काही नव्हतं. पण तिथे बघवत नव्हतं. तिकडे बघितलं की तिकडूनही बघितलं जात होतं. तो बसला. का बसला, माहीत नाही. हातात काटा होता, काट्यावर मांस. आणि कुणीतरी त्या मांसाकडे बघत होतं. काट्यासोबत नजर वर आली. काट्यासोबत खाली गेली.

त्यानं काटा ठेवला.

टक्... टक्...

आता त्यामागे श्वास होता. बारीक. ओला नाही. वाळलेल्या पानासारखा.

त्याच्या डोक्यात काय आलं ते सांगतो, कारण त्यानंच सांगितलं. ह्या क्षणीसुद्धा त्याच्या डोक्यात आलं, शनिवारी हे पण सांगता येईल. हे आलं, आणि तेव्हा कुठे त्याला स्वतःची किळस आली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, आपल्याच तोंडात दुसऱ्या कुणाची तरी जीभ आहे असं वाटलं. आणि त्या जिभेनं तो इतकी वर्षं बोलत होता.

मग शब्द आला.

एकच. त्यानं तो फायर हॉलमध्ये किती वेळा म्हटला होता. तसा नव्हताच तो. त्याला मधे तडे होते.

लॉईड उठला. मोरीपर्यंत गेला. पहिला पेला हातातून निसटून फुटला. दुसरा भरला. आणला. टेबलापलीकडे ठेवताना हात पुढे करावा लागला... लांब... आणि हाताच्या मागच्या बाजूला श्वास लागला. गार.

मान वर करायची हिंमत नव्हती. त्यानं आपली खुर्ची ओढली. फिरवली. भिंतीकडे तोंड करून बसला.

मागे पेला उचलल्याचा आवाज.

मग पिण्याचा.

घोट... घोट... थांबून. फार दिवसांनी पिणारं पितं तसा. तो पेला केव्हाच संपायला हवा होता. संपला नाही. रात्रभर...

काय, कोडी? नाही, वारा आहे. कडी आहे ना घातलेली? मग झालं.

शुक्रवारी दुपारी नोरीन परतली. पाहते तर नवरा भिंतीकडे तोंड करून बसलाय, काल सकाळच्याच कपड्यांत, ओठ फुटलेले. हाक मारली तर मान वळवेना. तिनं मला फोन केला. मी गेलो. म्हटलं, "लॉईड, ऊठ. कुणी नाही इथे."

"पिऊन झालं का?" तो म्हणाला.

मी टेबलाकडे बघितलं. पेला उपडा होता. "झालं," मी म्हटलं.

तेव्हा उठला. पिस्तुलाला हात लावेना. मीच ते फडक्यात गुंडाळून वर्कशॉपवर नेलं आणि तो माझ्यामागे आला. वेल्डिंगची ज्योत पेटवून मी पिस्तुलाचे तुकडे करत होतो आणि तो स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसून हे सगळं सांगत होता. चिरक्या आवाजात. रंगवून नाही. मी त्याला मधे थांबवलं नाही आणि धीरही दिला नाही. तुम्हाला वाटेल मर्लकाका कठोर आहे. असेन. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही. भीतीपोटी का होईना पेलाभर पाणी दिलं, तेवढं मात्र मी त्याच्या नावावर धरतो. एमिल हुडाकनं तेही दिलं नव्हतं. आणि एमिल चांगला माणूस होता, माझ्या बापाचा मित्र.

तुकडे आम्ही नदीत टाकले. बाकीची पिस्तुलं त्यानं महिनाभरात काढून टाकली, गोष्टी न सांगता. फोटो डोलोरेसनं नेला. तिनं त्याला शिवी दिली नाही, काही बोलली नाही, फक्त त्याच्या पायापाशी थुंकली आणि गाडीत बसली. आता लॉईड दिसतो तुम्हाला, गोळ्या-औषधांच्या दुकानात, चर्चमध्ये. बोलत नाही फारसा. बोलला तर एका वाक्यात संपवतो.

पण मी सांगत होतो त्या शुक्रवारचं. नदीवरून घरी आलो, हात धुतले, तेवढ्यात नोरीनचा पुन्हा फोन. "मर्ल, जरा येऊन जा. लॉईडला सांगू नकोस."

गेलो. तिनं टेबल आवरायला घेतलं होतं. लॉईडचं ताट उचललं होतं, पेला उचलला होता. पलीकडच्या बाजूला हात लावला नव्हता. तिथे एक हातरुमाल होता. जेवताना मांडीवर घेतात तसला. पांढरा, तागाचा, कडेला निळ्या दोऱ्याचं भरतकाम. चार घड्या घातलेला. घरात चांगलं वळण लावलेली मुलं जेवण झालं की घालतात तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"आमच्याकडे कागदी असतात," नोरीन म्हणाली.

"उघडलास?"

तिनं मान हलवली. नाही.

मी उघडला. पहिली घडी. दुसरी.

आत एक घास होता. काळ्या पावाचा असावा. चावलेला. गिळलेला नाही. आवडलं नाही की मुलं गुपचूप रुमालात काढून ठेवतात, तसा.

मी बोट लावलं. लावायला नको होतं.

कोमट होता.